टायरातला काथ्या

मूर्तीला चीर गेली की आमच्या कारखान्यात एकच हाक ऐकू येते, गिरजाबाईंना बोलवा. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. डोळे आखणारे दहा सापडतील, पण चीर बुजवणारा हात एखादाच असतो आणि तो माझा आहे. चौथीत शाळा सुटली, सासरी आले आणि हे शिकले. ते कोणी शिकवलं नाही, बघून बघून आलं.

साच्यातून काढलेली मूर्ती वाळताना तडकते. कधी मानेला, कधी सोंडेच्या वळणाला. पोरं घाबरतात. मी नखाने चीर उघडून आत बघते. प्लास्टरात आम्ही नारळाचा काथ्या घालतो, तो मूर्तीला आतून धरून ठेवतो. चिरीत काथ्या दिसला आणि ओढून तुटला नाही, तर मूर्ती जिवंत आहे, नुसती वरची कातडी फाटली आहे. लिंपायची, घासायची, रंग द्यायचा. काथ्याच तुटला असेल तर मूर्ती बाजूला ठेवायची. पंचेचाळीस वर्षं मी असंच बघत आले आणि एकदाही फसले नाही. रंग वाळला की मी गिऱ्हाइकालाच सांगते, दाखव चीर कुठे आहे ती. अजून कोणाला दाखवता आलेली नाही.

हे आधी सांगून ठेवते, कारण गाडीच्या बाबतीत मी जे केलं ते ह्याच हिशेबाने केलं.

गाडी पांढरी, चार दारांची. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हौसेने घेतली, दोन वर्षं फिरवली आणि ते गेले. तेव्हापासून ती कारखान्याच्या मागच्या अंगणात उभी असते. लग्नाला किंवा देवाला निघाली तर निघाली. माझा मुलगा जगन मोटारसायकलवरच हिंडतो. अंगणातला पत्रा मूर्तींसाठी बांधलेला, त्यामुळे गाडीची डावी बाजू कशीबशी त्याच्या सावलीत यायची आणि उजवी वर्षभर उन्हात भाजायची. दर दसऱ्याला मी ती स्वतः धुते, हार घालते आणि टायरांना काळा रंग देते. रंग कारखान्यातलाच, त्यात जरा थिनर. रबराला बारीक चिरा असल्या तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन त्या रंगात कालवायचं आणि बोटाने भरायचं. शेजारची बाई दरसाल विचारते, नवीन टायर घातले काय गो. मी हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

ह्या एप्रिलात माझी नात निशिगंधा, म्हणजे जगनची मुलगी, सात महिन्यांची पोटुशी झाली. ती अष्टमी गावात दिली आहे, रोह्याच्या पुलापलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, तर तिला आणायला जायचं ठरलं. सूनबाई अनिता म्हणाली की रोह्याहून ट्रेनने आणूया, पोरीला हादरे बसणार नाहीत. मी तिला विचारलं, तुझ्या बाळंतपणाला तुझ्या माहेरच्यांनी तुला कशातून नेलं होतं. गाडीतून, ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. निशिगंधाच्या सासूने आपल्या मुलीला दोन गाड्या लावून माहेरी आणलं होतं आणि ते मला फोन करून ऐकवलं होतं. आता आमची पोर पिशवी घेऊन फलाटावर उभी राहणार होती काय?

जगनला वेगळीच काळजी होती. हवा भरायला गेला तेव्हा तिथला माणूस त्याला म्हणाला होता की टायर किती वर्षांचे आहेत ते बघून घ्या. जगनने माझ्यासमोर विषय काढला, म्हणाला की चारही बदलूया आणि मगच निघूया.

मी कनवटीचं रुपयाचं नाणं काढलं. त्याला गाडीपाशी नेलं आणि नाणं टायरच्या खाचेत उभं घातलं. पाव हिश्शाहून जास्त आत गेलं. मालकांनी मला दाखवलं होतं, खाचेच्या तळाला रबराच्या आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजत झिजत त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा, तोवर नाही. आमच्या टायरांत त्या पट्ट्या कुठल्या कुठे खोल होत्या.

"झिजले नायत आय, मला पण दिसतंय," जगन म्हणाला. "पण रबराला वय असतं."

"वय मला पण झालंय. मला बदलतोस काय?"

तो हसला. माझ्यापुढे हसला की तो हरलेला असतो, हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे.

निघायच्या आदल्या दुपारी मी रंगाचा डबा घेऊन गाडीपाशी बसले. विहिणीच्या दारात जायचं तर टायर मळके कशाला. डावीकडचे दोन्ही झाले. उजवीकडचा पुढचा झाला. मागच्याला कुंचला लावला आणि बोट अडखळलं. चाकाच्या लोखंडापासून चार बोटं वर, टायरच्या कुशीला, करंगळीएवढी चीर होती. दसऱ्याला भरलेल्यातली ही नव्हती. ही खोल होती. मी नखाने उघडली.

आत सूत दिसलं. पांढुरके, बारीक, एकाला एक लागून बसलेले दोरे.

मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. म्हटलं, ह्यात पण काथ्या असतो तर. मी एक दोरा नखात धरून ओढला. तुटला नाही. दुसरा ओढला, तो पण घट्ट. मग सोल्युशन आणि रंग दाट कालवला, तीन हात दिले आणि वाळल्यावर फडक्याने घासून घेतलं. उठून चार पावलं मागे गेले आणि बघितलं. मलाच चीर सापडेना.

जगनला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

सकाळी निघालो. मी पुढे जगनच्या शेजारी बसले. नागोठणं मागे पडलं, खिंड चढलो, उतरलो, साडेनवाला अष्टमीत पोचलो. रस्ता थंड होता आणि गाडी लोण्यासारखी गेली. विहीण दारात उभी होती. तिने गाडी पुढून मागून बघितली आणि म्हणाली, नवीन घेतलीत काय. मी म्हटलं, नाय गो, वापरायची रीत असते. जेवणं झाली. निशिगंधाची ओटी भरली. तिचा चेहरा भरला होता, पाय सुजले होते आणि दर पाच मिनिटांनी पोटावर हात ठेवून हसत होती. ऊन उतरल्यावर निघा, असं तिचा नवरा फोनवरून सांगत होता. पण जगनला संध्याकाळी मुंबईच्या गिऱ्हाइकाला भेटायचं होतं. अडीचलाच निघालो. एवढा वेळ गाडी उघड्यावर उभी होती. दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसला.

मी आणि निशिगंधा मागे बसलो. परतीला ऊन डावीकडून येणार, म्हणून मी तिला उजवीकडे सावलीत बसवलं. जगनच्या मागे.

अष्टमी सोडायच्या आधी टायरचं एक दुकान लागतं. जगनने तिथे गाडी उभी केली. त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं. दुकानदाराचं नाव हितेश, तिशीतला, हात कोपरापर्यंत काळे. जगनने हवा बघायला सांगितली आणि टायर पण बघ म्हणाला. हितेश चारही बाजूंनी फिरला. खाचेत बोट घातलं. कुशीवरून तळवा फिरवला. उजव्या मागच्यापाशी वाकला तेव्हा मी खिडकीतून त्याचं डोकं बघत होते. त्याचा तळवा बरोबर त्या जागेवरून गेला आणि पुढे गेला.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. टायरवाल्याला पण सापडली नाही.

हितेश जगनला सांगत होता की टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, तीच त्याची जन्मतारीख. सहा-सात वर्षं झाली की खाच कितीही दिसू दे, रबर आतून वाळतं. इथे आकडे दिसत नाहीत, कोणीतरी काळं फासलं आहे. जगन म्हणाला, आमची आय रंगवते दसऱ्याला. हितेश खिडकीशी येऊन हसला.

"आजी, रंग नका मारू. थिनर रबराला खातं."

"तुझा धंदा बुडतो म्हणून सांगतोस काय रे," मी म्हटलं.

तो अजून हसला. मग जगनकडे वळला आणि जाता जाता सांगावं तसं बोलला. "वरवर तर चांगले दिसतायत. हळू जा. फक्त एक लक्षात ठेवा, कुशीला चीर पडून आतलं सूत दिसलं, तर गाडी तिथल्या तिथे उभी करायची. त्यावर एक किलोमीटर पण जायचं नाय. ते सूत गरम झालं की एक एक करून तुटतं, आणि सगळं एकदम फुटतं."

जगन म्हणाला की तसं काही नाहीये. हितेश म्हणाला की हो, मी बघितलं.

त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं मी. पण दुकानात तीन-चार माणसं उभी होती. त्यातला एक विहिणीचा शेजारी, सकाळी दारात चहा पिऊन गेलेला. संध्याकाळपर्यंत विहिणीच्या कानावर गेलं असतं की गिरजाबाईने फाटका टायर रंगवून पोर न्यायला आणला. मी मनात म्हटलं, मी ओढून बघितलं होतं. दोरा तुटला नव्हता. मूर्तीला चालतं ते इथे का चालू नये?

गाडी निघाली.

गाव मागे गेलं तशी दोन्ही बाजूंची झाडं विरळ झाली. रस्त्याचं डांबर उन्हात पाणी सांडल्यासारखं चमकत होतं. निशिगंधा काहीतरी सांगत होती, सोनोग्राफीवाल्या बाईंनी बाळाचे पाय दाखवले ते. मी हूं हूं करत होते. माझे कान खाली होते. पहिल्यांदा काही नाही. मग एक बारीक आवाज यायला लागला. ओली चप्पल फरशीवर पडते तसा, थप, थप, थप. तो निशिगंधाच्या सीटखालून येत होता.

जगनला विचारलं, काही ऐकू येतं काय. तो म्हणाला रस्ता खराब आहे. रस्ता गुळगुळीत होता.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी निशिगंधाला म्हटलं, तू इकडे माझ्या जागी ये, मी तिकडे बसते.

"इकडे ऊन हाय आजी."

"डाव्या अंगाला बसावं पोटुशीने. ये."

असलं काही शास्त्र नाही. मी तिथल्या तिथे बनवलं. जगनने गाडी कडेला घेतली, आम्ही जागा बदलल्या आणि ती पोर उन्हात बसली. पदराने तोंड पुसत मला म्हणाली की आजी, तू लहानपणी मला सावलीतून हलू द्यायची नाहीस. गाडी सुटली, तर थप थप आता माझ्या मांडीखाली. मला वाटलं होतं की फुटलं तर माझ्याकडे फुटेल. एवढी अक्कल मला त्या वेळी होती. गाडी उलटली तर ती कोण कुठे बसलं आहे ते विचारत नाही, एवढं सुचलं नव्हतं.

समोरून एक ट्रक आला, मोठा, कंपनीचा. आमच्या उजव्या बाजूने घासत गेला. त्याच्या वाऱ्याने आमची गाडी हलली. मी मागे वळून बघितलं तर आमच्या गाडीच्या पाठोपाठ अजून तीन येत होते. पुढे खिंडीचा चढ दिसायला लागला होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. सकाळी ह्याच वळणावर मी जगनला म्हटलं होतं, बघ, गाडी कशी चालते. थप थप आता जवळ जवळ यायला लागलं. निशिगंधाने अचानक माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"बघ आजी, लाथ मारतोय."

माझ्या तळव्याखाली ते हललं. बोटांना काळा रंग होता, नखांत कालपासूनचा, घासून पण न गेलेला. त्याच बोटांनी मी ते दोरे ओढले होते.

"जगन, गाडी थांबव."

"का?"

"उजव्या मागच्या टायरात सूत दिसत होतं. काल मी लिंपलं."

आरशात त्याचे डोळे दिसले, तेवढेच. त्याने पाय काढला. ब्रेक दाबला नाही, नुसता पाय काढला, आणि गाडी आपोआप मंद व्हायला लागली. साठ, चाळीस, तीस. मागचा ट्रक भोंगा वाजवत बाजूने गेला. दुसरा गेला. जगन गाडी मातीच्या पट्टीकडे आणत होता.

तेव्हा ते फुटलं. गाडी माझ्या बाजूला खाली बसली आणि मागचा भाग रस्त्याच्या मधोमध फिरला. जगन स्टिअरिंगला लटकल्यासारखा धरून होता. लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज आला, लांब, दातांत शिरणारा. मग गाडी आडवी उभी राहिली. तिसरा ट्रक आमच्यापासून दोन हातांवर थांबला. त्याच्या ड्रायव्हरचं तोंड मला अजून दिसतं. त्याने शिवी पण दिली नाही.

कोणाला खरचटलं नाही. ढकलून गाडी कडेला घेतली. निशिगंधा पोट दोन्ही हातांनी धरून एका दगडावर बसली होती. मी जवळ गेले, पाणी पुढे केलं. तिने पाणी घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही.

टायर बघण्यासारखा राहिला नव्हता. कूस कमरेपासून सुटलेल्या लुगड्यासारखी गोल फाटली होती आणि कडेने सगळीकडे दोरे लोंबत होते. माझं लिंपण तेवढं एका तुकड्यावर तसंच होतं, काळं, चकचकीत, कुठेही न उकललेलं.

जगनने डिकी उघडली. जास्तीचं चाक बाहेर काढलं. ते पण काळंभोर, नव्यासारखं. जॅक लावायला वाकला, मग थांबला आणि सरळ उभा राहिला.

"आय, ह्याला पण हात लावलायस?"

"व्हय."

"ह्यात काय लिंपलंय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. चार चाकं आणि हे पाचवं, दरसाल दसऱ्याला, पाच-सहा वर्षं. कुठल्यात किती चिरा होत्या, कुठल्यात खोल होत्या, सूत होतं की नव्हतं. मूर्ती मला वर्षानंतर ओळखू येते. हे मी कधी बघितलंच नव्हतं. नुसतं बुजवत गेले होते.

"ठाऊक नाय," मी म्हटलं.

त्याने चाक परत डिकीत टाकलं.

रोह्याकडे जाणारी एक मिनीडोर रिक्षा थांबली, मागे दोनच बाया होत्या. जगनने निशिगंधाला त्यात बसवलं. तो म्हणाला की आधी रोह्याला डॉक्टरला दाखवतो, मग हितेशला घेऊन येतो. मी चढायला पाऊल उचललं.

"आजी, तू नको," निशिगंधा म्हणाली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं तिने. "मला सावलीतून उठवलंस तेव्हा तुला ठाऊक होतं. तेव्हा सांगितलं नाय."

मी उचललेलं पाऊल खाली ठेवलं. ती पुढे म्हणाली की ती सासरीच राहील, बाळंतपण तिथेच होईल, आईला तिकडे पाठवा. आईला म्हणाली. आजीला नाही. मिनीडोर गेली. धूर थोडा वेळ राहिला, मग तोही गेला.

मी तिच्याच दगडावर बसले. चार वाजले असतील. रस्ता मध्येच अगदी रिकामा व्हायचा, मग लांबून ट्रक यायचा आणि जमीन थरथरायची. थोड्या वेळाने एक टेम्पोवाला थांबला. पंक्चर काय आजी, म्हणाला. त्याने बाकीच्या तीन टायरांकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, टायर तर कोरे आहेत, नवीनच दिसतात, मग फुटला कसा?

एवढी वर्षं मी हो पण म्हटलं नव्हतं आणि नाही पण.

"नवीन नायत," मी म्हटलं. "मी रंगवलेत."

त्याला वाटलं म्हातारी उन्हाने बरळते. पण निघायच्या आधी तो खाली उतरला, स्वतःच्या टेम्पोच्या चारही टायरांवरून हात फिरवला आणि मग गेला.

मी केसातला आकडा काढला आणि उजव्या पुढच्या चाकापाशी बसले. रंग खरवडायला लागले. थराखाली थर होते, एकेका दसऱ्याचा एकेक. पहिल्यांदा चार आकडे निघाले. तीन, एक, एक, पाच. एकतिसावा आठवडा, साल पंधरा. मालकांनी गाडी घेतली ते साल. टायर आमच्याकडे आला तेव्हापासूनच म्हातारा व्हायला लागला होता आणि मी त्याची तारीख पुसत बसले होते.

आकड्यांच्या खाली केसातला आकडा अडकला. मी अजून खरवडलं. चीर होती, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, नीट भरलेली, सुंदर भरलेली. मी लिंपण उचकटलं. आत सूत होतं. हे मी कधी भरलं, मला आठवेना.

मी एक दोरा नखात धरला आणि ओढला. तो हातात आला.

ह्याच टायरवर आम्ही सकाळी आलो होतो. मी उठले आणि गाडीपासून लांब, वळणाच्या पलीकडे, जगन येणार त्या वाटेकडे तोंड करून बसले.